चेहरा, टोपी आणि खंजीर : एका रोमन नाण्याचे वाचन

भाषिक मूल्याची कल्पना विशद करताना सोस्यूरने नाण्याचा दृष्टान्त योजला, हे चिन्हमीमांसेच्या वाचकाला परिचित आहे. पाच फ्रँकच्या नाण्याच्या बदल्यात पाव मिळू शकतो आणि त्याच नाण्याची एक फ्रँकच्या नाण्याशी तुलनाही करता येते. शब्दाचे मूल्यही असेच दुहेरी असते. या दृष्टान्ताचा उत्तरार्ध मात्र फारसा चर्चिला जात नाही. नाण्यातील धातू त्याचे मूल्य ठरवीत नाही. त्यावर कोणाची मुद्रा आहे, आणि ते एखाद्या राजकीय सीमेच्या आत आहे की बाहेर, यावरही ते मूल्य कमीअधिक होते, असे सोस्यूर तेथे म्हणतो. साहित्यसिद्धान्ताने या दृष्टान्तातील विनिमय तेवढा उचलला. मुद्रा आणि सीमा हे दोन शब्द मागेच राहिले. शब्दाचे रूपक म्हणून नाणे इतके सोयीचे ठरले, की नाणे हीच एक संहिता आहे, तिला स्वतःचा घाट आणि स्वतःचा वाचक आहे, हा विचार करण्याची गरज क्वचितच भासली. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरीस पाडलेली रुप्याची नाणी हा विचार टाळू देत नाहीत.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाणे इ. स. पू. ४३-४२ मधले आहे. मार्कुस ब्रूटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत ते पाडले गेले. त्याच्या दर्शनी बाजूवर ब्रूटसचा उजवीकडे पाहणारा, किंचित दाढी वाढलेला चेहरा आहे. भोवती ‘ब्रूटस, इम्पेरातोर’ म्हणजे विजयी सेनापती, अशी अक्षरे आणि नाणे पाडणाऱ्या लुसियस प्लेटोरियस सेस्टियानसचे नाव. मागच्या बाजूस दोन खंजीर. त्यांच्यामध्ये दास्यमुक्त गुलामाला घालावयाची ‘पिलेउस’ ही गोलसर टोपी. खाली दोनच संक्षिप्त शब्द – ‘एइद मार’, मार्च महिन्याच्या मध्यावरचा ‘ईड्स’चा दिवस. इ. स. पू. ४४ मध्ये त्या दिवशी सीझरचा वध झाला. जेमतेम चार ग्रॅम वजनाच्या रुप्यावर एका राजकीय हत्येची तारीख, साधन, हेतू आणि कर्ता एवढे सगळे मावले आहे. नाण्यावर हत्येचा असा उघड अभिमान मिरवल्याचे उदाहरण प्राचीन जगात दुसरे सापडणे कठीण.

या नाण्याचे रूढ वाचन विसंगतीचे आहे. इ. स. पू. ४४ च्या आरंभी रोमच्या टांकसाळीतून निघालेल्या देनारियसवर जिवंत सीझरचे मस्तक झळकले आणि सोबत ‘तहहयात हुकूमशहा’ ही पदवी आली. जिवंत रोमन पुरुषाचा चेहरा रोमच्या नाण्यावर येण्याची ही पहिली वेळ. मर्त्य माणसाने देवतेची जागा घेणे हे राजेशाहीचे लक्षण, आणि राजेशाही रोखण्यासाठीच हा वध झाल्याचे वधकर्त्यांचे म्हणणे. मग दोन वर्षांच्या आत त्यांच्याच नेत्याने आपला चेहरा त्याच जागी का छापावा? इतिहासकारांनी या प्रश्नाला दिलेली व्यावहारिक उत्तरे चुकीची नाहीत. सैनिकांना पगार द्यायचा होता. पगार कोणाकडून येतो हे त्यांना कळायला हवे होते. आणि ज्या पूर्वेकडील प्रदेशांत ही मोहीम चालली होती, तेथे राजमुखांकित नाण्याची सवय शतकांची होती. पण त्याच मोहिमेतला ब्रूटसचा सहकारी कॅशियस यालाही सैनिकांचा पगार द्यायचाच होता. त्याच्या नाण्यांवर लिबेर्तास या स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आहे, यज्ञपात्रे आहेत, शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. त्याचा स्वतःचा चेहरा कोठेही नाही. तेव्हा चेहऱ्यावाचून पगार देणे शक्य होते. ब्रूटसने केलेली ती निवड होती, आणि निवड म्हणूनच तिचा अर्थ लावला पाहिजे.

त्यासाठी देनारियसचा घाट थोडा मागे जाऊन पाहणे आवश्यक आहे. हे नाणे इ. स. पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत सुरू झाले. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूस घोड्यांवरून दौडणारे कास्टर व पोलक्स हे दैवी जुळे भाऊ, खाली ‘रोमा’ हा एकच शब्द. नाण्याच्या दोन बाजू एकाच वेळी पाहता येत नाहीत. ते फिरवावे लागते, आणि त्या फिरवण्यात एक वाक्य तयार होते : दर्शनी बाजूस कर्ता, मागे क्रिया. आरंभीच्या देनारियसमध्ये हे वाक्य निर्वैयक्तिक आहे. रोम आहे आणि देव तिच्या बाजूने धावत आहेत, एवढेच ते सांगते. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वाक्याच्या क्रियापदात घराण्यांचा शिरकाव झाला. टांकसाळीवर दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना ही राजकारणाची पहिली पायरी होती, आणि मागच्या बाजूस आपल्या पूर्वजांचे पराक्रम कोरून घेण्याची मुभा ते उत्साहाने घेत. सत्तेचे हे वंशावळीकरण नाणकशास्त्राच्या ग्रंथांत विस्ताराने आले आहे. येथे एवढेच नोंदवायचे, की कर्त्याची जागा तोवर बव्हंशी देवतांकडेच होती.

या घाटाची पकड किती घट्ट होती, हे बंडखोरांच्या नाण्यांवरून दिसते. इ. स. पू. ९१ मध्ये इटलीतील मित्रजमाती नागरिकत्वाच्या प्रश्नावरून रोमविरुद्ध उठल्या, तेव्हा त्यांनी स्वतःची रुप्याची नाणी पाडली. त्यांतील काहींवर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी भोसकून पायांखाली तुडवीत आहे. काहींवर ओस्कन लिपीत, उजवीकडून डावीकडे, ‘व्हितेलिउ’ हे देशनाम आहे; बैलवासराच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जाई. प्रतिमा याहून अधिक आक्रमक असू शकत नाही. पण वजन देनारियसचे, आकार देनारियसचा, आणि रोमाच्या जागी आलेली इटालिया देवी रोमाच्याच धर्तीवर रेखलेली. ज्या भाषेत अपमान करायचा, ती भाषा शत्रूचीच वापरावी लागली. या बंडखोरांना अखेर रोमचे नागरिकत्वच हवे होते, हे लक्षात घेता त्यांचे नाणे त्यांच्या घोषणांपेक्षा अधिक खरे बोलले, असे म्हणावे लागते.

ब्रूटस या भाषेत नवखा नव्हता. इ. स. पू. ५४ च्या सुमारास, तरुणपणी टांकसाळीवर असताना, त्याने पाडलेल्या एका देनारियसवर दर्शनी बाजूस लिबेर्तासचे मस्तक आहे आणि मागे त्याच्या घराण्याचा आद्यपुरुष, राजांना हाकलून प्रजासत्ताक स्थापणारा पहिला कॉन्सल लुसियस ब्रूटस, दंडधारी सेवकांच्या मध्ये चालला आहे. पाँपीच्या हाती एकमुखी सत्ता जाणार, अशी कुजबुज त्या काळात होती. नाण्याचा रोख तिकडे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथे वाक्याचा कर्ता स्वातंत्र्य आहे आणि पूर्वज त्याचा सेवक. बारा वर्षांनंतरच्या नाण्यात हा क्रम नुसता उलटलेला नाही. लिबेर्तास मूर्तिरूपाने नाण्यावरून गेलीच आहे. तिच्या जागी वंशज आला आणि तिची खूण म्हणून मागे एक टोपी उरली.

रूढ वाचन थांबते ते येथे. चेहरा राजेशाहीचा, टोपी स्वातंत्र्याची, म्हणून विसंगती, असे ते म्हणते. या टोपीचा रोमन व्यवहारातला अर्थ मात्र ‘स्वातंत्र्य’ या अमूर्त शब्दात मावणारा नाही. पिलेउस ही जन्मतः स्वतंत्र असलेल्याची टोपी नव्हे. धन्याने मुक्त केलेल्या गुलामाची आहे. आणि रोमन कायद्यानुसार मुक्त झालेला गुलाम धन्याच्या ऋणातून सुटत नसे. धनी त्याचा ‘पात्रोनुस’, आश्रयदाता, होई. त्याचे नाव तो धारण करी. त्याच्याविषयी आदर आणि सेवा ही त्याची विधिसिद्ध कर्तव्ये होती. तेव्हा टोपी दाखवणे म्हणजे दोन विधाने एकदम करणे होय. पहिले, रोमचे नागरिक सीझरच्या हाताखाली गुलाम झाले होते. दुसरे, कोणीतरी त्यांना मुक्त केले आहे. पहिले विधान नाणे उच्चरवाने करते; दुसऱ्यातल्या ‘कोणीतरी’ला नाव आणि नाकडोळे हवे असतात. दर्शनी बाजू ते पुरवते. चेहरा टोपीला खोडून काढीत नाही. टोपीच त्या चेहऱ्याची मागणी करते. विसंगती दोन बाजूंमधली नाही. स्वातंत्र्याची कल्पना ज्या रूपकात बांधली गेली, त्या रूपकाच्या पोटातच ती आहे. दिलेल्या स्वातंत्र्याला दाता लागतो, आणि दात्याचा चेहरा नाण्यावर एकदा आला की त्याच्यात आणि धन्यात फरक करण्याचे साधन त्या चार ग्रॅम रुप्यात उरत नाही.

ब्रूटसवर दांभिकतेचा आरोप करणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. तो इ. स. पू. ४२ मध्येच फिलिपीच्या रणांगणावर संपला, आणि राज्य हाती आले असते तर त्याने काय केले असते हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे.

अर्थात, हे सारे वाचन एका गृहीतावर उभे आहे : ही नाणी कोणी वाचत होते. हे गृहीत सर्वमान्य नाही. इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी १९५६ मध्ये नाण्यांवरील प्रतिमांना राजकीय प्रचार समजण्याच्या प्रवृत्तीची चांगलीच हजेरी घेतली; आजच्या टपाल तिकिटांवरील चित्रांइतकेच महत्त्व त्यांना द्यावे, असा त्यांचा सूर होता. पुढे १९८२ मध्ये बार्बरा लेव्हिक यांनी वेगळा पेच टाकला : सम्राटकाळातील नाणी प्रजेला उद्देशून नव्हतीच, टांकसाळीने सम्राटाला वाहिलेली ती स्तुतिसुमने होती. म्हणजे एका मते वाचकच नाही, आणि दुसऱ्या मते वाचक एकच.

संशयाला आधार आहे. रोममध्ये नाणेफेक करताना मुले ‘डोकी की जहाज’ असे म्हणत, कारण जुन्या तांब्याच्या नाण्यावर दुतोंडी जानुस आणि जहाजाचा नाळ असे. ती नाणी मागे पडली तरी म्हणणे टिकले. मराठीत ‘छापा की काटा’ म्हणणाऱ्याने तरी काटा केव्हा पाहिला आहे? प्रतिमा अशी निव्वळ खूण होऊन जाते. सीमा ओलांडली की हे अधिकच घडते. जर्मन टोळ्यांना जुनी, ओळखीची रोमन नाणी पसंत असत, विशेषतः दातेरी कडांची आणि दुघोडी रथाची, असे टॅसिटस नोंदवतो. प्रजासत्ताकाच्या काळातील कोणत्या घराण्याचा तो रथ, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते; रथ म्हणजे चोख रुपे. प्लिनीने सांगितलेली हकिकत तर चिन्हमीमांसेच्या पाठ्यपुस्तकात शोभावी. सम्राट क्लॉडियसच्या काळात एक रोमन दास्यमुक्त माणूस वाऱ्याने भरकटून सिंहलद्वीपाला लागला. त्याच्याजवळचे देनारियस पाहून तेथील राजाला रोमनांच्या सचोटीचे कौतुक वाटले, कारण मस्तके वेगवेगळ्या माणसांची असूनही सर्व नाण्यांचे वजन सारखे होते. सत्तेचे सगळे नाटक ज्या चेहऱ्यांत साठवलेले, ते चेहरे या वाचकाला केवळ एवढेच सांगतात, की नाणी पाडणारे अनेक होते.

दक्षिण भारतातील नाणेनिधी याच वाचनाचे भौतिक रूप आहेत. त्यांतील देनारियसमध्ये दोन प्रकारांचे प्राबल्य दिसते : ऑगस्टसचे नातू व दत्तक पुत्र गायुस आणि लुसियस ढाली-भाल्यांसह उभे असलेले नाणे, आणि टायबेरियसचे आसनस्थ स्त्रीमूर्तीचे नाणे. पहिल्यातले दोन्ही राजपुत्र अनुक्रमे इ. स. ४ आणि इ. स. २ मध्ये मरण पावले. रोममध्ये ती प्रतिमा वारसाहक्काची घोषणा होती आणि दोन मृत्यूंनी ती पोकळ झाली. कोइमतूरकडच्या व्यापाऱ्याला या शोकांतिकेशी देणेघेणे नव्हते. ओळखीचा छाप आणि भरवशाचे रुपे यांसाठी ती नाणी जपली गेली, इतकेच नव्हे तर त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदरी जाई, असे ‘पेरिप्लस’मध्ये म्हटले आहे, त्याच बंदरात रोमन नाणी स्थानिक चलनाशी नफ्याने बदलता येत, हेही त्यात आहे. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्द देनारियसवरून आला, आणि येथे येऊन रुप्याचे नाव सोन्याला चिकटले. नाव आले, वजन आले. चेहऱ्यांचे राजकारण समुद्रापलीकडे राहिले. राजकीय सीमेबाहेर मूल्य बदलते हे सोस्यूरचे म्हणणे येथे खरे ठरते. पण धातू मूल्य ठरवीत नाही, हा त्याचा दुसरा भाग सीमेबाहेर बराच डळमळतो.

सीमेच्या आतली स्थिती वेगळी होती, याला पुरावे आहेत, आणि ते केवळ दरबारातले नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानात कर द्यावा की न द्यावा या प्रश्नावर येशू देनारियस मागवतो आणि त्यावर मुद्रा व लेख कोणाचा असे विचारतो. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे, यावरच त्या प्रसंगाचा सगळा डाव उभा आहे. ब्रूटसच्या नाण्याविषयी तर इतिहासकार कॅशियस डिओ तिसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो, आणि टोपी व दोन खंजीर यांचा अर्थही सांगतो. टोपीला रस्त्यावरचे आयुष्यही होते. वधानंतर कटवाल्यांपैकी एकाने ती भाल्याच्या टोकावर उंचावली होती, असे अ‍ॅपियन सांगतो, आणि इ. स. ६८ मध्ये नीरो मेला तेव्हा लोक पिलेउस घालून शहरभर धावत सुटले, असे स्वेटोनियस सांगतो. टपाल तिकिटावरचे चित्र डोक्यावर घालून कोणी धावत नाही.

त्याच इ. स. ६८ सालचा एक देनारियस ब्रूटसच्या नाण्याचा सर्वांत जाणता वाचक ठरतो. नीरोविरुद्ध पश्चिमेकडील प्रांतांत उठाव झाला त्या गोंधळात कोणाचेही नाव नसलेली काही नाणी निघाली. त्यांतील एकाच्या मागच्या बाजूस तीच पिलेउस आणि तेच दोन खंजीर आहेत, एकशे दहा वर्षांनंतर. योगायोगाची शक्यता नाही. हे सरळ उद्धरण आहे. उद्धृत करणाऱ्याने मूळ संहितेत केलेला बदल मात्र मोलाचा आहे. दर्शनी बाजूस चेहरा नाही. लिबेर्तास परतली आहे. तारीखही गेली. लेख दोन्ही बाजूंवर विभागला आहे : पुढे ‘लिबेर्तास’, मागे ‘रोमन जनतेचे, पुनःस्थापित’. नाणे फिरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि पुरे झाल्यावरही त्यात कर्ता सापडत नाही. प्रयोग कर्मणी आहे. स्वातंत्र्य पुनःस्थापित झाले. कोणी केले, ते अध्याहृत. ब्रूटसच्या नाण्यातली अडचण कोठे आहे हे या अनाम कारागिराने, किंवा त्याला आज्ञा देणाऱ्याने, नेमके ओळखले होते. टोपी ठेवायची तर दात्याला वाक्यातून काढले पाहिजे. समीक्षेने एखाद्या संहितेवर याहून नेमकी टीका करावी असे क्वचितच घडते, आणि ही टीका तर साच्यावर कोरलेली आहे.

पण व्याकरणातून काढलेला कर्ता इतिहासातून जात नाही. या नाण्यामागे सैन्य होते, सैन्याला पगार हवा होता, आणि अध्याहृत जागा फार काळ मोकळी राहणार नव्हती. स्पेनमधला सुभेदार गाल्बा आधी स्वतःला सम्राट न म्हणवता सिनेटचा आणि रोमन जनतेचा प्रतिनिधी म्हणवून घेत होता. त्या काही आठवड्यांपुरते ते अनाम नाणे आणि तो बेनाम कर्ता एकमेकांना शोभत होते. नीरोच्या मृत्यूनंतर गाल्बा सम्राट झाला. त्याच्या देनारियसवर ‘लिबेर्तास पुब्लिका’, सार्वजनिक स्वातंत्र्य, अशी अक्षरे आहेत. देवता आता मागच्या बाजूस उभी आहे. पिलेउस तिच्या हाती आहे, खंजीर कोठेच नाहीत. दर्शनी बाजूस गाल्बाचे मस्तक आहे, सुरकुतलेले, बाकदार नाकाचे.